सोलापुरात घरावर सोलर, घरात बॅटरी: नव्याने बसवणाऱ्यांसाठी

छपरावर पॅनल आले म्हणजे लाईट गेल्यावरही घर चालू राहणार, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं, महावितरणच्या तारेला जोडलेलं यंत्र) महावितरणची वीज गेली की आपोआप बंद होतो, भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. तो बिघाड नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरातून उलट गेलेल्या विजेचा शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी सोय सक्तीची आहे. लाईट नसताना घर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि बाहेरची वीज तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी लागते.

म्हणजे ही दोन वेगळी कामं आहेत. बिल कमी करायचं काम पॅनल आणि नेट मीटर (आत घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) मिळून करतात. अंधार टाळायचं काम बॅटरी करते. नेट मीटर असलेल्या घरात बॅटरीने बिल कमी होत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

पहिली पायरी: बिल वाचा

बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो. त्यातले बारा महिन्यांचे आकडे कागदावर उतरवा. सोलापुरातल्या घराचा वापर सपाट कधीच नसतो. मार्चपासून कूलर सुरू होतो, एप्रिल-मेमध्ये आकडा शिगेला पोचतो आणि गड्डा यात्रेच्या दिवसांत पंखेसुद्धा बंद असतात. उदाहरणाला असं घर धरू: मे महिन्यात ३८० युनिट, डिसेंबरमध्ये १५०, वर्षाचे मिळून २,८८०, म्हणजे महिन्याला सरासरी २४०.

आपल्याकडे १ किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतात. मार्च-एप्रिलच्या स्वच्छ दिवशी साडेचार-पाच, जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तीन-साडेतीन. २४० भागिले ३० म्हणजे रोजचे ८ युनिट. त्याला ४ ने भागलं की २ किलोवॅट. या घराला एवढं पुरतं.

इथे विक्रेता म्हणतो, "घ्या की ३ किलोवॅट, मेमधलं बिलही शून्य होईल." थांबा. नेट मीटरमध्ये जादा गेलेले युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्या दिवशी शिल्लक राहिलेले युनिट वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने महावितरण विकत घेतं, आणि तो दर तुम्ही विजेला मोजता त्याहून बराच कमी असतो. आता सोलापूरचं हवामान यात घाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन चांगलं आणि वापर कमी, त्यामुळे शिल्लक साठत जाते. ३१ मार्चला ती पुसली जाते आणि दुसऱ्याच दिवसापासून कूलरचा हंगाम शून्य शिलकीवर सुरू होतो. २ किलोवॅटवर आपल्या उदाहरणातल्या घराची मार्चअखेर शिल्लक अंदाजे सव्वातीनशे युनिट होईल, आणि तरीही एप्रिल ते ऑगस्ट मिळून सव्वादोनशे युनिट विकत घ्यावे लागतील. मेमध्ये ३८० वापरले, २८० बनले, म्हणजे निव्वळ १००. हे शंभर पहिल्याच, सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसतात. ते वाचवण्यासाठी आणखी एक किलोवॅट चढवला तर त्याची वर्षभराची बहुतेक वीज मार्चअखेर स्वस्तात जाईल. घरात एसी किंवा ई-स्कूटर येणार हे नक्की असेल तर मात्र आत्ताच ३ किलोवॅट घ्या. नंतर दोन पॅनल वाढवायचे म्हटलं की तेच मॉडेल मिळत नाही आणि कागदपत्रं पुन्हा करावी लागतात.

बिल शून्य होत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. स्थिर आकार येतच राहतो.

दुसरी पायरी: कागद

पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ पासून) घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. बॅटरीला वेगळं अनुदान नाही. अनुदानाला भारतीय बनावटीचे सेल असलेलेच पॅनल चालतात. त्यांना बाजारात डीसीआर पॅनल म्हणतात आणि ते इतर पॅनलपेक्षा महाग असतात. कोटेशनमध्ये 'डीसीआर' हा शब्द लिहून घ्या. क्षमता मोजताना पॅनलची बेरीज आणि इन्व्हर्टरची क्षमता यातला लहान आकडा धरतात, म्हणून २ किलोवॅटच्या अनुदानासाठी दोन्ही किमान २ किलोवॅटचे हवेत.

योजनेच्या पोर्टलवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा, नोंदणीकृत विक्रेता निवडा, काम झाल्यावर तपासणी आणि नेट मीटर, शेवटी बँकेचा तपशील. ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका विनातारण कर्ज देतात. कामं अडतात ती बहुतेक एका गोष्टीवर: मीटर अजून आजोबांच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं. अनुदान ज्याच्या नावावर मीटर त्याच्या खात्यात जातं, त्यामुळे नाव बदलण्याचा अर्ज सोलरच्या आधी करा. बिलावरचा मंजूर भारही पाहा. तो ०.५ किलोवॅट असेल आणि तुम्ही २ किलोवॅट बसवणार असाल तर भार वाढवावा लागतो.

तिसरी पायरी: छप्पर

५४० वॅटचं एक पॅनल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २८ किलोच्या आसपास असतं. २ किलोवॅटला असे चार. फिरायला, पुसायला जागा सोडून १८० ते २०० चौरस फूट धरा.

तोंड दक्षिणेला, कल १५ ते १८ अंश. सोलापूरचा अक्षांश साधारण पावणेअठरा आहे, त्यावरून हा आकडा येतो. सावलीची परीक्षा डिसेंबरमध्ये घ्या. २१ डिसेंबरला दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून फक्त ४९ अंशांवर असतो, म्हणून तीन फुटी कठड्याची सावली तेव्हा अडीच फुटांच्या वर पडते, आणि सकाळी नऊला त्याहून खूप लांब. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावलीच नसते. उन्हाळ्यात गच्ची पाहून जागा ठरवली की हिवाळ्यात पाण्याच्या टाकीची सावली नेमकी पॅनलवर येते. चार पॅनल एका माळेत असताना एका कोपऱ्यावर सावली पडली तरी उत्पादन त्या कोपऱ्याच्या मानाने कितीतरी जास्त घटतं.

आरसीसी स्लॅब असेल तर प्रश्न नाही. जुन्या भागातल्या माळवदावर मात्र पॅनल बसवू नका. प्रश्न पॅनलच्या वजनाचा कमी आणि वाऱ्याचा जास्त आहे. वळवाच्या आधीची वावटळ पॅनलला खालून उचलते, आणि मातीच्या थरात बोल्टला धरायला काहीच नसतं. तिथे भिंतींवर टेकणारा वेगळा लोखंडी सांगाडा लागतो आणि तो इंजिनिअरला दाखवूनच करावा. पत्र्याच्या घरात सांगाडा पत्र्याला नको, खालच्या लोखंडी पट्ट्यांना पकडलेला हवा.

स्लॅबला भोक पाडायचं असेल तर केमिकल अँकर वापरून वर वॉटरप्रूफिंग करायला लावा. नाहीतर सिमेंटचे ठोकळे ओतून त्यात पाय रोवा. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड मागा, नुसता चंदेरी रंग मारलेला नको. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालायचे, उन्हाळ्यात झोपायचं, तर सांगाडा सात-आठ फूट उंच करतात. चालतं, पण उंची वाढली की वाऱ्याचा जोर वाढतो, तेव्हा तिरके आधार आणि जाड पाय अंगावर घ्यावेच लागतात. साफसफाईला शिडीही लागणार.

चौथी पायरी: पॅनल आणि इन्व्हर्टरची जोडी

या भागात चूक सर्रास होते. पॅनलवरचे आकडे सेलचं तापमान २५ अंश धरून छापलेले असतात. मेमध्ये दुपारी सेल ६५-७० अंशांना जातो. दर अंशामागे ०.३ ते ०.३५ टक्के शक्ती घटते, म्हणजे चांगल्या उन्हातही बारा-पंधरा टक्के कमी. उन्हाळ्यात ५४० वॅटच्या पॅनलने कमी दिलं तर घाबरू नका. पॅनलखाली हवा खेळू द्या, म्हणजे स्लॅबपासून किमान फूटभर मोकळं.

शक्तीबरोबर व्होल्टेजही उतरतं. ५४० वॅटच्या एका पॅनलचं चालू व्होल्टेज ४१-४२ च्या आसपास असतं, चारांचं १६५. मेच्या उन्हात ते १४२ पर्यंत येतं. इन्व्हर्टरच्या एमपीपीटीची (पॅनलमधून जास्तीत जास्त शक्ती काढणारा भाग) खालची मर्यादा १५० व्होल्ट असेल तर ऐन उन्हात तो चाचपडत राहतो, आणि घरमालक पॅनलला दोष देतो. म्हणून माहितीपत्रकात एमपीपीटीची व्होल्टेज श्रेणी शोधा आणि चार पॅनलची माळ असेल तर खालची मर्यादा १२० किंवा त्याहून कमी असलेला इन्व्हर्टर घ्या. वरची मर्यादा थंडीत तपासायची. पहाटे दहा अंशांना ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनलवर काहीच भार नसतानाचं) चार टक्क्यांनी चढतं. चार पॅनलना त्याची चिंता नाही, आठ-दहांना असते.

डीसी केबल (पॅनल ते इन्व्हर्टर) ४ चौरस मिमी, सोलरसाठीचीच. एमसीफोर कनेक्टर (पॅनलच्या तारा जोडणारे) दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. दोन कंपन्यांचे जुळलेले दिसतात, पण आत नीट बसत नाहीत आणि तापून वितळतात. डीसी बाजूला डीसीचीच एमसीबी. घरातल्या नेहमीच्या एसी विजेची एमसीबी तिथे लावली तर बंद करताना आतली ठिणगी विझत नाही, कारण डीसी करंट शून्यावर येतच नाही. डीसी आणि एसी दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं) हवं.

अर्थिंग तीन वेगळे: पॅनलचा सांगाडा, इन्व्हर्टर-एसी, आणि लाइटनिंग अरेस्टर (वीजरोधक). मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात ओल उतरते आणि अर्थिंगचा रोध चढतो. खड्ड्यावर पाणी ओतायला पाइप ठेवा, एप्रिल-मेमध्ये आठवड्याला बादलीभर पाणी घाला. मोजमाप मार्च-मेमध्ये करून घ्या. पावसाळ्यातला आकडा नेहमीच चांगला दिसतो.

पाचवी पायरी: बॅटरी किती

आधी लाईट गेल्यावर काय चालू हवं ते ठरवा. तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ९० वॅट, चार एलईडी ३६, राउटर १०, कूलर १८०, फ्रिज सरासरी ५०. बेरीज ३६६ वॅट. चार तासांना १,४६४ वॅट-तास, त्यात दोन तास टीव्हीचे १६० मिळवले की १.६ युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ९० टक्के वापरायची आणि इन्व्हर्टरचा तोटा दहा टक्के धरला, तर १.६ भागिले ०.८१, जवळपास २ युनिटची बॅटरी लागते. बाजारात ५१.२ व्होल्ट ५० अँपिअर-तासाची म्हणजे २.५६ युनिटची मिळते. पुरे झाली.

हेच काम लेड-ॲसिडने करायचं तर १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर. कागदावर त्या ३.६ युनिटच्या असतात, पण निम्म्याच वापरायच्या, वर तोटा, म्हणजे हातात दीड युनिट, काठावर. शिवाय उष्णतेने त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं आणि डिस्टिल्ड वॉटरकडे लक्ष द्यावं लागतं. घरात आधीपासून असतील तर वापरा. नव्याने घेताना सोलापूरच्या उन्हात आम्ही लिथियमच सुचवू.

पाण्याची मोटर बॅकअपवर घेऊ नका. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि नेमकं तेव्हा लाईट गेली तर हौद भरायचा राहतो, हे खरं. पण १ एचपीची मोटर चालताना हजार वॅट घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या चार ते सहा पट करंट ओढते. ५० अँपिअर-तासाची बरीच बॅटरी सतत २५ अँपिअर म्हणजे १,२८० वॅटच देते. मोटर लावली की बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) सगळं घर बंद करतो. मोटर हवीच असेल तर बॅटरी ५.१२ युनिटची, इन्व्हर्टर किमान ५ केव्हीए आणि मोटरला सॉफ्ट स्टार्टर. गीझर, इस्त्री, एसी, मोटर नेहमीच्या डीबीवर (एमसीबींची पेटी) ठेवा, बाकीचे बॅकअप डीबीवर.

दोन डीबी केल्या की न्यूट्रलही दोन लागतात. जुन्या घरात इलेक्ट्रिशियन फेज वेगळी काढतो आणि न्यूट्रल एकत्रच ठेवतो. मग आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) कारण नसताना पडत राहते. बॅकअपवर असताना टेस्टर दोन्ही भोकांत मंद पेटत असेल तर इन्व्हर्टर न्यूट्रल-अर्थ जोडणी करत नाही असं समजा. त्या अवस्थेत बॅकअप डीबीची आरसीसीबी भरवशाची नसते. ही जोडणी इन्व्हर्टरच्या सेटिंगमधून किंवा कंपनीच्या माणसाकडून करून घ्या, डीबीत स्वतः तार टाकू नका.

बॅटरीची जागा तळमजल्यावर, सावलीत. गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि बीएमएस चार्जिंग थांबवतो. लेड-ॲसिड असेल तर बंद कपाटात कधीच नाही, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

सहावी पायरी: सेटिंग

हायब्रिड इन्व्हर्टर बहुतेकदा 'सेल्फ-यूज' मोडवर येतो: दिवसा बॅटरी भरायची, संध्याकाळी ती रिकामी करायची. नेट मीटर असेल तर हा मोड बदला. दुपारी बाहेर दिलेलं एक युनिट रात्री एक युनिट म्हणूनच परत मिळतं. तेच बॅटरीतून फिरवलं की दहा-पंधरा टक्के वाटेत जातं आणि बॅटरीची चक्रं (भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या) खर्ची पडतात ती वेगळीच. ५.१२ युनिटची बॅटरी समजा एक लाखाला घेतली आणि ४,००० चक्रं चालली, दर चक्राला ४.२ युनिट हातात आले, तर नुसती साठवण युनिटला सहा रुपयांना पडली. मोड 'बॅकअप' करा, राखीव पातळी एरवी ६० टक्के आणि एप्रिल ते जून, वळवाच्या दिवसांत, ९० ते १००. टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) लागू असेल तर बिलातले वेळेनुसारचे रकाने दोन-तीन महिने पाहा, मग ठरवा.

सोळा सेलच्या लिथियम बॅटरीला चार्जिंग ५६ ते ५६.८ व्होल्ट, फ्लोट ५४.४, कट-ऑफ ४८. बॅटरी कंपनीने वेगळे आकडे दिले असतील तर तेच घाला. बॅटरी-इन्व्हर्टरमधली संपर्काची केबल जोडलेली असली तरी तिच्या पिना दोन कंपन्यांत जुळतीलच असं नाही. स्क्रीनवर बॅटरीची टक्केवारी हलतच नसेल तर आधी ही केबल पाहा.

सातवी पायरी: ताबा घेताना

नेट मीटर बसेपर्यंत सोलर चालू करू नका. अनेक जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापरात मोजतात, आणि वीज तुम्ही दिलेली असून बिल तुम्हालाच येतं. नवा मीटर आला की स्क्रीनवर १.८.० म्हणजे आत घेतलेले युनिट आणि २.८.० म्हणजे बाहेर दिलेले. बसवल्याच्या दिवशी दोन्हींचा फोटो काढा. पहिल्या बिलात बाहेर दिलेल्याचा रकाना कोरा येण्याचे प्रकार होतात, तेव्हा हाच फोटो अर्जाला जोडायचा.

मग मेन एमसीबी खाली पाडून बघा. बॅकअपचे दिवे लागलेले राहायला हवेत, राउटर बंद पडता कामा नये. कूलर आणि फ्रिज एकदम लावा, पंधरा मिनिटं थांबा. मोबाइल ॲपचं खाते तुमच्या नंबरवर उघडून घ्या. विक्रेत्याच्या खात्यावर राहिलं तर उद्या त्याने फोन उचलला नाही की तुमच्याच घरचे आकडे तुम्हाला दिसत नाहीत.

पुढचे त्रास

ॲपमध्ये रात्रीसुद्धा 'एक्सपोर्ट' दिसत असेल तर मीटरजवळची सीटी (तारेतला करंट मोजणारी कडी) उलटी लागली आहे. तिच्यावरच्या बाणाची दिशा बदलली की झालं.

दुपारी बारा ते तीन इन्व्हर्टर थांबतो आणि 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' लिहून येतं: बाहेर वीज देताना तारेत व्होल्टेज चढतं आणि २५३ च्या आसपास बहुतेक इन्व्हर्टर बाजूला होतात. आधी इन्व्हर्टर ते मीटर केबल पाहा. लांब आणि २.५ चौरस मिमीची असेल तर ६ ची घाला. तरी जात नसेल तर मीटरपाशीच दुपारचं व्होल्टेज मोजा, आणि तिथेही २५० च्या वर असेल तर आकड्यांसह महावितरणकडे अर्ज द्या. डीपीवरचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा) व्होल्टेज ठरवणारा टॅप बदलणं हे त्यांचं काम आहे.

उत्पादन हळूहळू उतरत असेल तर धूळ. फेब्रुवारी ते जून दर पंधरा दिवसांनी पुसा, पहाटे, पॅनल थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग धरतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात, म्हणून नळाचं पाणी वापरा. चार पॅनलना दोन बादल्या आणि मऊ मॉप पुरे, पावडर नको. पाणी टंचाईचं असेल तर आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, मग ओल्या फडक्याने एकच हात फिरवा.

उत्पादन एकदम शून्यावर आलं तर डीसी आयसोलेटर, डीसी एमसीबी, सर्जच्या डिव्हाइसची खिडकी लाल झाली का, या क्रमाने नुसतं डोळ्यांनी पाहा. एमसीफोर ओढू नका. मेन स्विच बंद असला तरी दिवसा पॅनलच्या तारेत दोनशे व्होल्ट डीसी असतं आणि चालू करंटवर कनेक्टर सोडला की तिथे ठिणगी धरते. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, मग माणूस बोलवा.